पोरीला मधी उभं करू नका

मागच्या तारखेला आमी क्रूझर भरून जळकोटहून धाराशिवच्या कोर्टात गेलो. माझा पोरगा, दीर, जाऊ, पुतणे, दिराचे दोन दोस्त... पंचांच्या बैठकीला माणसं जास्त दिसली की आपलं पारडं जड, अशी आमच्याकडची रीत. कोर्ट म्हणजे पण बैठकच, असं समद्यांनी धरलं होतं.

तारीख माझ्या नातीची. परी सात वर्षांची. माझा पोरगा आन् सून वेगळे झाले तवापासून ती माझ्याजवळ हाय. आता सुनेला सोलापुरात काम लागलंय, तिनं खोली केलीय आन् पोरगी मागितलीय. मागणारच, आई हाय ती... पण मी काय संत न्हाय. मला पोरगी द्यायची न्हाय.

नोटीस आल्यापासून मला एकच आठवत होतं. मी लहान असताना गल्लीत असाच तंटा झाला होता. पंचांनी पोराला पटांगणात मधी उभं केलं, एका अंगाला आई, एका अंगाला बाप. दोघांनी हाका मारायच्या, पोरगं जिकडं जाईल तिकडचं.

ते कुठंच गेलं न्हाय. जागेवर चड्डी ओली केली. लोक हसले... ते पोरगं मला अजून दिसतं.

कोर्टात परीला असंच उभं करतील, ह्या भीतीनं जेवण जाईना. वकिलानं बजावलं होतं, पोरीला काही शिकवू नका. आमी माना डोलावल्या आन् घरी येऊन शिकवायला लागलो. जाऊ रोज विचारायची, कुणाकडं राहायचं गं? परी म्हणायची आजीकडं, की हातावर चॉकलेट. पोपटाला शिकवत्यात तसं.

कोर्टात पोचलो तर सुनेकडचे पण तेवढेच. व्हरांड्याच्या एका अंगाला आमी, समोर ते. मधल्या बाकड्यावर परी एकटी. माझी जाऊ हिकडून खुणा करती, सुनेची मावशी तिकडून बिस्किटाचा पुडा हलवती. शेजारून पोलीस एका बेडीवाल्याला घेऊन गेले, तिनं पाय वर घेतले.

तवा माझ्या ध्यानात आलं... पंच न्हाईत, जजसाहेब अजून खुर्चीवर पण बसले न्हाईत. पोरीला मधी आमीच उभं केलंय.

तेवढ्यात समुपदेशक मॅडम आल्या. बोलायला म्हणून परीला एकटीलाच खोलीत नेलं आन् दार लावून घेतलं. मी दाराकडं बघत बसले. आत ती काय बोलली आन् माझ्या हातातून गेली तर... देवीचं नाव घ्यायचं पण सुचेना.

बाहेर आल्यावर तिला नळावर नेलं. विचारू नये कळत होतं, तरी विचारलं. म्हणली, "कुणाकडं राहायचं ते न्हाय विचारलं. भीती कशाची वाटती ते विचारलं."

"मग?"

"म्या सांगितलं, ह्या समद्यांची."

"माझी पण का गं?"

तिनं थोडा विचार केला. "तू त्यांच्यात बसलीस की तुझी पण."

मी तिचं तोंड पुसलं. दुसरं काय करणार.

जाताना मॅडमनी दोन्हीकडच्यांना सांगितलं, पुढच्या तारखेला पोरीसंगं एकानंच यायचं, आईनं पण एकटीनंच. क्रूझरमध्ये लगेच वाद. दीर म्हणला मी जातो, मला बोलता येतं. मी म्हणलं, "तुम्हाला बोलता येतं, म्हणूनच तुम्ही घरी थांबा."

समदे माझ्याकडं बघायला लागले. मी पण न्हाय, म्हणलं. तिचा बाप जाईल. माझ्या पोराला धड बोलता येत न्हाय, पण पोरगी त्याच्या मांडीवर बिनघोर झोपती.

मी चौथी शिकलेली, कायदा मला कळत न्हाय. पण पोरांना बसायला कोर्टात वेगळी खोली पाहिजे, यायला वेगळी वाट पाहिजे. बेडीवाल्यांच्या व्हरांड्यात त्यांचं काय काम? तारखेला शाळा बुडती ते निराळंच. आन् आमच्यासारख्यांच्या क्रूझर गेटावरच अडवा... खरंच सांगते, अडवा.

आज तारीख हाय. सकाळी परीनं विचारलं, कोण कोण येणार? म्हणलं, तू आन् तुझा बाबा. तिनं आपली आपण चप्पल घातली आन् दारात जाऊन उभी राहिली. मागच्या तारखेला निघताना रडली होती, आज रडली न्हाय.

दुपार टळली, पोराचा फोन न्हाय. निकाल आज लागत नसतो म्हणत्यात, तरी माझं लक्ष ठिकाणावर न्हाय. पोरगी सोलापूरला गेली तर हे घर मला खायला उठंल, हे मला पक्कं ठाऊक हाय.

त्या मॅडमचं नाव मी विचारलं न्हाय. नको तो प्रश्न त्यांनी पोरीला केला न्हाय, एवढ्यासाठी त्यांचं भलं होवो. भीती आता एकट्या माझ्याजवळ हाय... राहू दे.