काटा की सुई

बाळांनो, तुमचा बाबा फोनवर हसतो की आई या वयात हॉस्पिटलात नोकरीला लागली. नोकरी नव्हे ती. नगरच्या एका छोट्या हॉस्पिटलात मी सकाळी विम्याचे कागद बघते. डॉक्टरांनी लिहिलेल्या प्रत्येक आजाराला, प्रत्येक व्यसनाला एक ठरलेला कोड असतो. तो शोधून विमा कंपनीला कळवायचा. जन्मभर इंग्रजी शिकवलं, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

मागच्या महिन्यात सुप्याच्या एका कारखान्यातला तरुण दाखल झाला. कोपराच्या आतल्या बाजूला मोठं गळू. डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'शिरेतून नशेची इंजेक्शनं घेतो.' भरतीच्या कागदावर मात्र 'बाभळीचा काटा' होता. आपल्याकडे रोगी गप्प असतो, बोलतात नातेवाईक. काटा त्याच्या आईने सांगितला होता.

दोन कागद जुळेनात. मी डॉक्टरांना गाठलं. "कधीमधी घेतो की व्यसन आहे? कोड वेगळे आहेत."

"त्यालाच विचारू," ते म्हणाले. वॉर्डात जाऊन त्यांनी त्याच्या आईला बाहेर थांबायला सांगितलं.

"भाईर कशाला? मी सांगते की! सरपन तोडाय गेल्ता."

"मावशी, एवढी भोकं पडायला आख्खी बाभळ अंगावर पडावी लागंल," सिस्टर म्हणाली.

आई गेल्यावर तो भिंतीकडे बघत बोलला, "रोज लागतं, सर. न्हाई घेतलं की अंग मोडतं, हात कापत्यात."

डॉक्टरांनी व्यसन लिहिलं.

आईने मला जिन्यातच अडवलं. "बाई, ते लिवू नका. विमा कारखान्याचा हाय. सायबाला कळलं तर पोराला गेटाभाईर काढतील."

"खोटं कसं लिहू? उद्या दुसरीकडे दाखल झाला तर तिथल्या डॉक्टरांना कळायला नको?"

"तुमचा नातू असता तर लिवलं असतं का?"

मी टेबलाशी आले, दोन्ही कागद पुन्हा वाचले. मग व्यसनाचाच कोड भरला.

विमा कंपनीने पैसे द्यायला नकार दिला. डॉक्टरांनी थरथर थांबवायच्या गोळ्या सुरू केल्या आहेत, पोरगा दोन घास जेवू लागला आहे. त्याची आई मला पाहिलं की तोंड फिरवते. तरी रोज सकाळी टेबलासमोर येऊन विचारते, "कारखान्यातनं काय आलं का?" मी "नाही" म्हणते. फोन वाजला की मीच आधी बघते, कारखान्याचा नंबर तर नाही ना.