पिराजी पाण्याला भीत नव्हता

सुजाताचा फोन आला तेव्हा मी लातूरला मुलाकडे होतो. सकाळचा चहा होऊन पेपर हातात घेतला होता. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. ती पिराजीची मुलगी, नांदेडला नर्स आहे. चार दिवसांपूर्वी तिनंच पिराजीला गावाहून दवाखान्यात नेलं होतं. मी "अरेरे" म्हणालो, "निघतो लगेच" म्हणालो. फोन ठेवल्यावर मला सगळ्यांत आधी जे वाटलं ते लिहायची लाज वाटते, पण या वयात लाज राखून तरी काय करायचं... मला सुटल्यासारखं वाटलं. माझ्याबद्दलची एक गोष्ट या जगात फक्त पिराजीला ठाऊक होती, आणि आता तो नव्हता.

बिलोली तालुक्यातलं आमचं गाव. पिराजी आणि मी चौथीपर्यंत एका वर्गात होतो. मी पुढं बसायचो, तो दाराशी. गणितात तो माझ्यापेक्षा हुशार होता आणि मला ते मान्य होतं, कारण उत्तरं तोच सांगायचा. आमच्या मळ्यात पायऱ्यांची मोठी विहीर होती. उन्हाळ्यात गावातली सगळी पोरं तिथं पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकायची. सगळी म्हणजे आमच्यातली. पिराजीच्या वस्तीतल्या कुणी त्या विहिरीच्या थारोळ्यापाशी, मोटेचं पाणी पडतं त्या कुंडापाशीसुद्धा यायचं नाही, हे कुणी कुणाला शिकवत नव्हतं. ते आम्हांला चालता-बोलता येतं तसं येत होतं.

एका दुपारी मळ्यात कुणी नव्हतं. बांधावरून पिराजी चालला होता. मी पाण्यात होतो, एकट्याला करमत नव्हतं. मी हाक मारली, "ये की. कोन न्हाई इथं." तो बराच वेळ उभा राहिला. मी पुन्हा म्हणालो, "भ्यालास व्हय?" मग तो उतरला. शेवटच्या पायरीवर दगडाला दोन्ही हातांनी धरून त्यानं पाय मारायला सुरुवात केली. त्याचं ते हसणं मला अजून दिसतं... माणूस पहिल्यांदा पाण्यात हलका होतो तेव्हा हसतो तसं. आम्हांला माझे वडील आलेले कळलंच नाही.

वडिलांनी वरून विचारलं, "ह्याला कुनी उतरवलं?" मी म्हणालो, "त्याच्या मनानं उतरला. म्या नगं म्हनत होतो."

पिराजीनं माझ्याकडं पाहिलं. तो काहीच बोलला नाही. बोलला असता तर त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नसता, हे त्या वयात आम्हां दोघांनाही कळत होतं. त्याला मळ्यातच आसुडानं मारलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांना बोलावून दिवसभर मोट धरायला लावली, विहीर उपसून काढायला. त्यांचे बैल नव्हते, आमचेच बैल होते. मी आंब्याखाली बसून पाहत होतो. संध्याकाळी त्यांनी माझ्या वडिलांच्या समोर हात जोडले, पोराची चूक झाली म्हणाले, आणि पोराला घेऊन गेले. पुढं काही महिन्यांत त्यांच्या वस्तीनं बौद्ध धर्म घेतला. पिराजीला त्यांनी नांदेडला बोर्डिंगात ठेवलं. गावातल्या शाळेत तो परत आला नाही.

तो आरमारात भरती झाला तेव्हा मी मास्तरकीचं शिक्षण घेत होतो. आमच्या गावात समुद्र पाहिलेला माणूस नव्हता. पहिल्या सुट्टीवर तो पांढऱ्या कपड्यांत आला, तेव्हा पारावरची माणसं उठून उभी राहिली आणि मग कुणासाठी उठलो हे लक्षात येऊन परत बसली. तोवर मी गावच्याच शाळेत मास्तर झालो होतो; तो तिथं मला भेटायला आला. लहानपणी आम्ही एकमेकांना अरे-तुरे करायचो. त्या दिवशी तो म्हणाला, "कसे हाव गुर्जी?" मी मात्र "बस पिराजी, कधी आलास?" असंच म्हणालो. ते तसंच चालू राहिलं, शेवटपर्यंत. तो मला तुम्ही, मी त्याला तू.

भरती झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांना पोहण्याच्या तलावावर नेलं होतं, ते त्यानं त्या दिवशी सांगितलं. कुणाकुणाला पोहता येतं म्हणून विचारलं, तर खेड्यातल्या बहुतेक पोरांनी हात वर केले. पिराजीनं केला नाही. शिकवणाऱ्यानं विचारलं, "खेड्यातला ना तू? तुमच्याकडं विहिरी नाहीत?" हा म्हणाला, "हायेत, साहेब." आणि त्या माणसानं त्याला उंच फळीवरून ढकलून दिलं. "बुडलास?" मी विचारलं. "तळाला गेलो बगा," तो म्हणाला. "पर भ्यालो न्हाई. खाली लई शांत होतं. मनात आलं, हितनं आपल्याला कोन भायेर काढनार न्हाई." तो हसला. मी हजेरीपट चाळत बसलो.

पंधरा वर्षं त्यानं जहाजाच्या तळाशी, इंजिनाच्या खोलीत काढली. युद्धही पाहिलं, पण तो म्हणायचा, "पायलं न्हाई, निस्तं ऐकलं." वर काय चाललंय ते खाली कळत नसे; हादरा बसला की सगळे एकमेकांची तोंडं बघत, आणि पुन्हा इंजिनाकडं वळत. त्या आवाजानं त्याचे कान गेले. गावी परतला तेव्हा त्याच्याशी ओरडून बोलावं लागे. पण इंजिनाला हात लावला की त्याला सगळं ऐकू येई. त्या काळात आमच्याकडं विहिरींवर डिझेलची इंजिनं आली होती आणि दुरुस्त करणारा माणूस पार देगलूरहून आणावा लागे. पिराजी आला आणि पंचक्रोशीतली इंजिनं तोच पाहू लागला.

एक दिवस आमचंही इंजिन बंद पडलं. उसाला पाणी हवं होतं. वडिलांनी मला सांगितलं, "त्या पिराजीला बलाव." मी बोलावलं. इंजिन विहिरीच्या आत, पायऱ्यांच्या शेवटाला बसवलेलं. पिराजी वर थांबला. त्यानं वडिलांना विचारलं, "उतरू का, पाटील?" ते मोठ्यानं विचारलं, बहिरा माणूस विचारतो तसं. वडील जमिनीकडं बघून म्हणाले, "उतर." दोन तासांत इंजिन सुरू झालं. वर आल्यावर आईनं कान तुटलेल्या कपातून चहा पाठवला, तो कप गोठ्याच्या वळचणीला वेगळा ठेवलेला असे. पिराजीनं कप पाहिला आणि म्हणाला, "घरून पिऊन आलोय." मी तेव्हा शाळेत मुलांना समतेचा धडा शिकवत होतो, चांगला शिकवत होतो. माझ्या हातातला कप चांगला होता. मी तो संपवला.

वडील गेले, वर्षं गेली. माझी नात सई दर उन्हाळ्यात लातूरहून गावी येते. ती दहा वर्षांची असताना तिनं पोहायला शिकायचा हट्ट धरला. गावात आता कुणी विहिरीत पोहत नाही, शिकवणारं कुणी उरलेलं नव्हतं. मीच पिराजीकडं गेलो. म्हणजे त्याच्या दारापर्यंत गेलो, आणि बाहेरूनच विचारलं. सत्तरी ओलांडलेला तो माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या विहिरीवर हजर झाला. महिनाभर रोज आला. तिच्या पोटाखाली तळहात धरून तो पाण्यात उभा राही आणि म्हणे, "पान्याशी भांडायचं न्हाई बाई. त्येच्यावर निजायचं."

ज्या दिवशी तिला पहिल्यांदा तळहाताशिवाय तरंगता आलं, त्या दिवशी पायरीवर अंग पुसता पुसता तिनं पिराजीला विचारलं, "आजोबा, तुम्ही पण इथंच शिकलात?"

मी दोन पायऱ्या वर बसलो होतो. पिराजीला ते ऐकू आलं नाही. तिनं ओरडून पुन्हा विचारलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं... तसंच, त्या दुपारी पाहिलं होतं तसं. मग तिला म्हणाला, "न्हाई बाई. ल्हानपनी म्या पान्याला लई भ्यायचो."

सई हसली. मीही हसलो. सांगण्यासारखी वेळ माझ्या आयुष्यात एवढीच आली होती असं नाही, पण त्या वेळी नुसतं "खोटंय ते" एवढे दोन शब्द पुरले असते. तेही मला जमले नाहीत.

मी लातूरहून पोचलो तेव्हा अंत्यविधी होऊन गेला होता. मग त्याच्या स्मरणासाठी ठेवलेल्या जलदान विधीला गेलो. बालमित्र म्हणून मला बोलायला उभं केलं. मी देशसेवेवर बोललो, शिस्तीवर बोललो, जहाजांवर बोललो. लोकांनी डोळे पुसले. खाली बसलो तेव्हा माझं बोलणं चांगलं झालं असं मला वाटत होतं, आणि घरी येईपर्यंत त्याची किळस आली.

आठ दिवसांनी सुजाता गावात घर आवरायला आली, तेव्हा गेलो. तिनं "आत या" म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं की या घराचा उंबरठा मी पहिल्यांदाच ओलांडतोय. तिनं पाणी दिलं. प्यालो. मग विहिरीचं सगळं सांगितलं. हाक मी मारली होती, खोटं मी बोललो होतो. ती भांडी खोक्यात भरत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"मला माहीत आहे काका," ती म्हणाली. "सईला शिकवायला बाबा तुमच्या हिरीवर जायला लागले तेव्हा मी त्यांच्याशी भांडले होते. कामून जाता तिथं, म्हणून. तवा सांगितलं त्यांनी."

"काय म्हणाला तो?"

"म्हणाले, लेकराला पवता आलं पायजे. आन् बाकीचं गुर्जी सांगतील, त्यांचं त्यांना सांगू दे."

ती उठली, खिडकीतला रेडिओ उचलून तिनं पुसला आणि परत तिथंच ठेवला. कान गेल्यामुळं पिराजी तो फार मोठ्यानं लावायचा. अर्ध्या गावाला बातम्या कळायच्या. ती म्हणाली, "तुम्ही संध्याकाळी ह्या रस्त्यानं फिरायला यायचात ना? तुम्ही दिसलात की बाबा रेडिओ बंद करायचे. तुम्ही काही बोललात तर ऐकू यावं म्हणून."

रेडिओ बंद व्हायचा, हे मला माहीत होतं. वर्षानुवर्षं मी त्या शांततेतून चालत गेलोय. मला वाटायचं, गुरुजी म्हणून मान देतो.

सुजाता नांदेडला परतली आहे. घराला कुलूप आहे, रेडिओ खिडकीत आहे. परवा सईला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आबा, मी नंतर बोलते." अजून तिचा फोन आलेला नाही. संध्याकाळी मी त्याच रस्त्यानं जातो, त्या खिडकीपाशी थांबतो. आता बोलायला माझ्याकडं खूप आहे.