ओम हारमेनने ओढली की नाही?

हारमेन व्लामिंगने सिगारेट सोडली, हे टेसल बेटावर त्याने स्वतः कुणालाच सांगितलं नव्हतं. तेवढ्यासाठी त्याची बायको आख्ये होती. नाताळात डॉक्टरने त्याच्या छातीचा फोटो उजेडावर धरून दोन शब्द सुनावले, आणि दुसऱ्याच दिवशी आख्येने बेकरीच्या रांगेत जाहीर केलं, "ह्याने सोडली. परत ओढलीन् तर मी पल्याड बहिणीकडे जाऊन राहणार!"

पल्याड म्हणजे काय, फेरीबोटीने वीस मिनिटं. पण टेसलच्या बाईने पल्याड राहायला जायचं म्हणजे घर मोडल्यातच जमा. तेव्हा धमकी सगळ्यांनीच मनावर घेतली. हारमेनने जरा जास्तच.

शेहेचाळीस वर्षांची सवय होती ती. पंधराव्या वर्षी बापाच्या कोळंबीच्या होडीवर तो जाळं ओढायला आणि सिगारेट वळायला एकाच आठवड्यात शिकला. पुढे मासेमारी बसली, होडी विकली, आणि हारमेन समुद्रसंशोधन संस्थेच्या 'नोर्डरहाक्स' जहाजावर डेकवर कामाला लागला. "मासे धरून झाले, आता नुसतं पाणी धरतो," असं तो सांगे, आणि ते खोटं नव्हतं. भर अटलांटिकमध्ये जहाज उभं करायचं, चोवीस मोठ्या बाटल्यांचं कडं दोराने चार-चार हजार मीटर खाली सोडायचं, दर खोलीचं पाणी कोंडून वर आणायचं, आणि त्यात लोखंड किती, जस्त किती, नायट्रेट किती ते मोजायचं. लोखंडाच्या जहाजात बसून पाण्यातलं कणभर लोखंड शोधायचं, म्हणजे पिठाच्या गिरणीत उभं राहून कुणाच्या मिशीला पीठ लागलंय ते बघण्यातलाच प्रकार. हारमेनला तो कधी कळला नाही. पण नियम म्हणजे नियम. त्याने पट्ट्याचं बक्कल काढलं, किल्ल्या काढल्या, लग्नाची अंगठी साबण लावून काढली आणि आख्येच्या हातात ठेवली. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.

धातू मोजायचं पाणी शास्त्रज्ञ बंद खोलीत, पांढरे झगे घालून काढत. डेकवर उभं राहून नायट्रेट, फॉस्फेट, अमोनियमसाठी छोट्या कुप्या भरायच्या, हे काम मात्र अकरा वर्षं हारमेनचं. शास्त्रज्ञ आले नि गेले, भरणारा हात तोच राहिला. ह्या हाताचा त्याला फार अभिमान. कुणी जवळ आलं की म्हणायचा, "सरक, श्वास पडेल पाण्यात."

तर ह्या खेपेला निघताना आख्येने त्याच्या पिशवीत बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा कोंबला. आत द्रोप गच्च भरलेले. द्रोप म्हणजे ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या, ह्या जरा कडक खारट, वर पांढुरकी भुकटी लावलेल्या. ह्या देशात पोराला दात आले की हातात द्रोप येतो. "हात शिवशिवला की एक टाक तोंडात," आख्ये म्हणाली. हारमेनने ते इमानेइतबारे पाळलं.

नवव्या दिवशी यिस्केने हाक मारली. कुप्यांतली ही पोषकद्रव्यं मोजायचं यंत्र तिच्या ताब्यात. पोरगी तिशीची, पण नजर शाळामास्तरणीची.

"ओम हारमेन, जरा आत या."

आता ओम म्हणजे काका. पण ही हाक काही काकाला मारायची नव्हती.

"हे बघा," ती पडद्यावर बोट ठेवून म्हणाली. "तीन हजार मीटरवरचं पाणी. इथे अमोनियम शून्य पाहिजे. जे काय होतं ते जंतूंनी कधीच खाल्लेलं असतं."

"मग?"

"मग इथे गोठ्याच्या नाल्याइतकं आहे."

"सगळ्या कुप्यांत?"

"नाही ना! पाचवी, अकरावी, अठरावी. काल दुसरी, नववी आणि शेवटच्या तीन. ना ताळ ना तंत्र. यंत्र तपासलं, रसायनं बदलली." हारमेनच्या काखेतल्या डब्यातला एक द्रोप उचलून गालात ठेवत तिने आवाज खाली आणला. "ओम, सिगारेटच्या धुरात अमोनिया असतो. ओढणाऱ्याच्या बोटांवर बसतो, कपड्यांत बसतो."

"मी सोडलीय."

"हो, ऐकलंय."

"ऐकलंय म्हणजे?"

"सगळ्या बेटाने ऐकलंय, ओम."

हारमेनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण आरोप काही झाला नव्हता, तर उत्तर कशाला द्यायचं? त्याने नवा कोरा डगला घातला, कोपरापर्यंत हात घासले, हातमोजे चढवले आणि पुढचं कडं वर आल्यावर देवपूजेला बसावं तशा कुप्या भरल्या. पण हात शिवशिवायचा थांबेना. म्हणून दर दोन बाटल्यांमागे एक द्रोप तोंडात. मोजे काढायचे नाहीत हे पक्कं ध्यानात होतं, ते त्याने काढले नाहीत.

आकडे आधीपेक्षा वाईट आले.

तो पार चक्रावला. डगल्याचा वास घेतला, उशीचा घेतला. शेहेचाळीस वर्षांचा धूर अंगातून झिरपत तर नसेल ना? शेवटी खोलीतल्या सोबत्याला, म्हणजे जहाजावरच्या आचाऱ्याला, कोरला त्याने विचारलं.

"कोर, मी झोपेत उठून जातो का रे?"

"जातोस की."

"कुठे?"

"मुतायला. ह्या वयात सगळेच जातात."

पुढच्या दिवशी यिस्केने अर्ध्या कुप्या हारमेनला दिल्या आणि अर्ध्या इनेशला. इनेश पोर्तुगालहून पाहुणी आलेली शास्त्रज्ञ, तिची ही पहिलीच खेप. इनेशच्या कुप्यांत शून्य, शून्य, शून्य. हारमेनच्या कुप्यांत गोठा.

"ओम, उद्यापासून कुप्या इनेश भरेल," यिस्के त्याच्या डोळ्यांत न बघता म्हणाली. "तुम्ही दोराकडे बघा."

"मी ओढली नाही, यिस्के."

"मी कुठे म्हटलं?"

"आकडे म्हणतायत ना!"

आणि खरं सांगायचं तर हारमेनचाही आता हारमेनवर विश्वास उरला नव्हता. आकडे खोटं बोलत नाहीत, असं अकरा वर्षं तोच दुसऱ्यांना सांगत आला होता.

दुपारी वाटाण्याचं सूप वाढताना कोरने नाक हवेत फिरवलं. "धुराचा वास कशाला येतोय? सॉसेजचा की तुझा?" सगळे हसले. कोरची बायको आख्येच्या शेजारच्या घरात राहते, आणि हल्ली जहाजावरून निरोप जायला क्षणसुद्धा लागत नाही. सूप संपायच्या आत हारमेनच्या फोनवर आख्येचे तीन शब्द आले.

"बॅग भरू का?"

हारमेनने फोन उलटा ठेवला. काय लिहिणार? ओढली नाही म्हणावं, तर यंत्र साक्षीला उभं. ओढली म्हणावं, तर ओढल्याचं सुख तरी मिळायला हवं होतं!

त्याचा चेहरा बघून कोरलाच वाईट वाटलं असावं. विषय बदलायला त्याने हारमेनचा डबा पुढे ओढला. "ए, इनेशने अजून द्रोप खाल्ला नाही! असं कसं चालेल?" परक्या माणसाला खारट द्रोप भरवायचा आणि त्याचं तोंड बघत बसायचं, ही इथली जुनी खोडी. इतके दिवस इनेशने ती चुकवली होती. आज टेबलावरचे सगळे तिच्याकडे वळले. तिने गोळी घेतली, चावली, आणि पुढच्याच क्षणी ताटलीत थुंकली.

"शी! हे काय खाता तुम्ही? ह्याच्याने संडास धुतात! अमोनिया आहे हा, निव्वळ अमोनिया!"

टेबल खदखदून हसलं. मग एक एक हसू अर्ध्यावर थांबलं. सगळ्यांत शेवटी कोरचं.

यिस्के जागची हलली नाही. तिच्या डाव्या गालात बोराएवढा उंचवटा होता. तिने तो सावकाश हातरुमालात काढला आणि डबा फिरवून मागचं बारीक अक्षर वाचलं. साखर. ज्येष्ठमध. नवसागर. आपल्याकडचा कल्हईवाला तापल्या भांड्यावर टाकतो तोच नवसागर, ज्याचं रसायनशास्त्रातलं नाव अमोनियम क्लोराइड.

"मी," यिस्के हळूच म्हणाली, "नऊ वर्षं अमोनियम मोजतेय. आणि चार वर्षांची असल्यापासून हे खातेय."

"पण मी मोजे घातले होते," हारमेन म्हणाला.

"मोज्यांनी गोळी उचलत होतात ना?"

"मग काय, काढायचे होते?"

यंत्रापाशी जाऊन यिस्केने एक बोट भुकटीला लावलं आणि ते निर्मळ पाण्याच्या कुपीला पुसलं. यंत्रावरची रेघ पडद्याच्या वर निघून गेली. तिने हारमेनला सर्वांसमोर, इथल्या रिवाजाप्रमाणे, दोन्ही गालांवर तीनदा चुंबून माफी मागितली, कुप्या परत दिल्या आणि डबा खाली कोरच्या कोठारात बंद केला. हारमेनला तिथल्या तिथे हात शिवशिवल्यासारखा वाटला.

मग त्याने घरी फोन लावला.

"आख्ये, मी ओढली नाही."

"कोर म्हणतो यंत्रात दिसलं."

"यंत्रात दिसलं ते तुझ्या डब्यातलं."

त्याने सगळं सांगितलं, नवसागरासकट.

"म्हणजे माझ्या डब्याने अटलांटिक नासवला?"

"अटलांटिक नाही गं, कुप्या."

"अकरा जणांचं इतक्या दिवसांचं काम, आणि कारण मी. हे कोरने बायकोला कळवलं?"

"अजून नाही. सुपाची भांडी घासतोय."

"मग ऐक," आख्ये म्हणाली. "त्याला म्हण, द्रोपचं कळवू नको. तू ओढलीस, असंच राहू दे."

"पण मी ओढली नाही!"

"मला माहितीय ना ते. झालं की मग!"

हारमेन फोन हातात धरून उभा राहिला. जिच्यासाठी सोडली तिला खरं कळलं होतं, आणि आता तीच म्हणत होती की जगाला खोटं सांग. म्हणजे तो सुटला की अडकला? कोर हात पुसत आलाच. "काय म्हणाली? भरली बॅग?"

कुप्या भरायच्यात, एवढंच म्हणून हारमेन हातमोजे चढवून निघून गेला. त्या दिवशीचे सगळे आकडे शून्य आले.

बेटावरचे निम्मे लोक आजही छातीठोकपणे सांगतात की हारमेनने त्या खेपेला ओढली होती. आख्ये बेकरीच्या रांगेत उभी असते, ऐकते, आणि पाव घेऊन घरी जाते.