डॉक्टरांच्या दारातलं घमेलं

डॉक्टर गेल्याचं मला ऑफिसात कळलं. चपराशी टेबलाशी येऊन म्हणाला, “बाबूजी, वो शिवाजी नगरवाले जानवरों के डॉक्टर नहीं रहे,” आणि मी हातातली फाईल बांधत राहिलो. नाडीची गाठ नीट बसेना. वाईट वाटायला हवं होतं, वाटलंही असेल; पण त्याआधी, अगदी क्षणभर, सुटल्यासारखं वाटलं. आता कोणी विचारणार नाही... असं काहीतरी मनात येऊन गेलं. त्याला सहा आठवडे झाले. ते सुटल्यासारखं वाटणं मला अजून समजलेलं नाही. त्याबद्दल लिहायला बसलो आहे, तर आपण नक्की काय कबूल करतो आहोत हेही धड ठरत नाही.

राज्याची पुनर्रचना झाली, नागपूरची राजधानी उठली, तेव्हा फायलींची खोकी, टाइपरायटर आणि आम्ही कारकून मंडळी असे सगळे एकदमच भोपाळला येऊन पडलो. मला शहराबाहेरच्या एका सरकारी डेअरीवर हेडक्लार्क म्हणून धाडलं. डॉ. वामनराव केळापुरे हे तिथले प्रमुख. तेही नागपूरचेच, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे. पहिल्याच दिवशी फाटकातून आत शिरायला लागलो तर वाटेत सिमेंटचा वीतभर खोल हौद, त्यात धुण्याचा सोडा आणि फिनेल घातलेलं पाणी. मी कडेकडेने जायला बघतोय तोवर पलीकडून आवाज आला, “मोघे, पाय.” मी म्हटलं, साहेब, मी फायलींतून आलोय, गुरांतून नाही. ते म्हणाले, “रोगाला फाईल आणि शेपूट यातला फरक कळत नाही. बुडवा.” नवे बूट होते माझे. बुडवले.

डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं. रोग आत आल्यावर डॉक्टरनं धावपळ करायची यात काही शहाणपण नाही, तो फाटकातच अडवायचा. नवीन गाय आणली की महिनाभर लांबच्या गोठ्यात एकटी राहायची. तिची बादली वेगळी, दोर वेगळा, तिला चारा घालणारा माणूसही वेगळा. बाहेरच्या जनावरानं आत पाऊल टाकायचं नाही. फाटकावर रजिस्टर, आणि त्यात ‘बाहेरचे जनावर’ असा रकाना. तो रोज मी भरायचा. मी रोज ‘निरंक’ लिहायचो आणि खाली सही करायचो. मंडळी डॉक्टरांना हसायची. मंत्र्यांच्या भेटीत त्यांनी मंत्र्यांनाही हौदातून चालवलं होतं, आणि मागून येणाऱ्या साहेब लोकांनी धोतरं, पाटलोणी कशा वर धरल्या याची नक्कल आमच्या क्वार्टर्समध्ये कितीतरी दिवस चालली होती. मीही हसायचो. पण आमच्या गोठ्यात कधी रोग शिरला नव्हता, हेही खरं.

मग पोळा आला. भोपाळमधला आमचा पहिलाच पोळा. तुम्ही म्हणाल, कारकुनांना कसला पोळा? पण नागपूरकडच्या माणसाला विचारा. क्वार्टर्समधल्या बायकांचा जीव तिथे रमत नव्हता. भाजीवालीशी बोलायचं तर हिंदी जुळवताना घाम फुटायचा. आणि सणाला ओवाळायला एक बैल नाही. डेअरीवर चारा ओढणाऱ्या दोन बैलजोड्या होत्या. डॉक्टर चार दिवसांच्या रजेवर भावाच्या गावी, नागपूरजवळ गेले होते. किल्ल्या माझ्याकडे. आपल्याच आवारात पोळा भरवू, असं मी बोलून गेलो, आणि लोकांनी मला एकदम असं डोक्यावर घेतलं की मागे फिरणं अवघड झालं. नुसत्या दोनच जोड्या बऱ्या दिसेनात, म्हणून शेजारच्या खेड्यातल्या तीन बोलावल्या.

सकाळी बायका फाटकाशी आल्या आणि थबकल्या. ठेवणीतली लुगडी, हातात पुरणपोळीचं ताट, अनवाणी पाय, आणि समोर फिनेलचा भपकारा. माझी बायको म्हणाली, “अहो, नैवेद्याला दवाखान्याचा वास लागेल.” तेवढंच म्हणाली. मी रामचरणला, म्हणजे आमच्या जुन्या गवळ्याला, हौद उपसून त्यावर फळ्या टाकायला सांगितलं. त्यानं टाकल्या. वर आम्रपानांचं तोरणही बांधलं. त्या फळ्यांवरून आधी बायका आत आल्या, मग खेड्यातले बैल. शेवटच्या जोडीतला एक बैल मागचा पाय झटकत होता. रामचरण माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “बाबूजी, ये लंगड़ा रहा है। मुँह भी देखिए।” मी पाहिलं. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की पुरणपोळीमुळे लाळ सुटली असेल. पण तेव्हा त्याला पोळी भरवायची होती अजून. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

संध्याकाळी फळ्या काढल्या, हौद भरला, आणि रजिस्टरात मी लिहिलं... निरंक.

डॉक्टर दोन दिवसांनी परतले. त्यानंतर आठवडाभरातच पहिली गाय तोंड उघडून उभी राहिली. खुरकूत, म्हणजे लाळ गळते आणि खुरं चिघळतात तो साथीचा रोग. मग दुसरी, मग रांगच्या रांग. मोठी गुरं बहुतेक वाचली, दूध आटलं. वासरं मात्र उभ्या उभ्या कोसळायची. डॉक्टर तुरटीच्या पाण्याने गाईंची तोंडं धूत होते, खुरांतल्या जखमा साफ करत होते, आणि मध्येच येऊन रजिस्टराची पानं मागेपुढे उलटत होते. “बाहेरचं जनावर निरंक. मग आलं कुठून, मोघे?” मी म्हटलं, काही कळत नाही साहेब. त्यांनी रामचरणला विचारलं. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, हमें नहीं मालूम. त्यानं माझी नोकरी वाचवली की मी त्याची, हाही एक घोळच आहे.

पुढे चौकशी झाली. सोड्याच्या पाण्याचं हे सगळं सोंग होतं, असा वरच्यांचा सूर निघाला. लांबचा गोठा मोडून तिथे भुसा भरला, आणि डॉक्टरांची एका आडबाजूच्या तहसिलीत बदली झाली. निवृत्त होऊन शिवाजी नगरात राहायला आले तेव्हा मी अधूनमधून जायला लागलो. का जात होतो? सांगायलाच जात होतो म्हणे मी. त्यांच्या दारात, उंबऱ्याबाहेर, एक घमेलं असायचं. त्यात सोड्याच्या पाण्यात भिजवलेलं तरट. आतून आवाज यायचा, “मोघे, पाय.” मी हसून घमेलं ओलांडायचो. म्हणायचो, साहेब, आता इथे कुठली गुरं? तेही हसायचे. चहा व्हायचा. आणि निघताना, कधी चुकून विसरले नाहीत, विचारायचे, “कुठून आलं असेल हो?” मी खांदे उडवायचो. त्यांना ठाऊक होतं का? एखाद्या वेळी वाटायचं, होतं. मला संधी देत होते. एखाद्या वेळी वाटायचं, छे.

गेल्या रविवारी डॉक्टरांच्या पत्नीला, वहिनींना, भेटायला गेलो. घमेलं जागच्या जागी होतं, पाण्यासकट. सवयीनेच ओलांडून आत गेलो. मी विचारलं, हे अजून भरता? तर म्हणाल्या, रोज सकाळी भरते, हाताला सवय आहे. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत सांगायला लागल्या. “तुम्हाला ते बोलले नसतील. त्या पोळ्याला आम्ही दिरांकडे होतो ना, तिथले बैल यांनी हातानं धुतले, सजवले. त्याच वहाणा घालून इथे परतले. म्हणायचे, माझ्या पायांनीच आणला मी रोग, गोठ्यात जायच्या घाईत त्या दिवशी हौदात पाय नीट टेकले की नाही, तेच आठवत नाही. तेव्हापासून हे घमेलं.”

म्हणजे एवढी वर्षं ते मला विचारत होते ते माझ्याबद्दल नव्हतंच... आणि खरंच त्यांच्या वहाणांनी आला असेल तर? दिवस मोजले तर दोन्ही बसतात. मग मी काय केलं, आणि काय केलं नाही? एवढं मात्र कळलं की त्या दुसऱ्या शक्यतेनं मला हलकं वाटायला लागलं होतं, आणि ते पाहून माझीच मला किळस आली. मग मी सगळं सांगितलं. फळ्या, तोरण, लंगडता बैल, निरंक. वहिनींनी डॉक्टरांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “लहान वासरू दिसलं की रस्ता ओलांडून पलीकडे जायचे हो ते. जवळ जायचे नाहीत.”

मी उठलो. त्या दारापर्यंत आल्या. उंबऱ्याबाहेर मी थांबलो, आधी एक, मग दुसरा, असे दोन्ही पाय त्या घमेल्यात घातले आणि उभा राहिलो. पाणी गार होतं. तरटातून ते बुटांवर चढत होतं.

“भाऊजी,” वहिनी म्हणाल्या, रागाने नाही, एखाद्याला पत्ता सांगावा तशा, “जाताना नाही. येताना बुडवायचे असतात.”