माळावरच्या वाटेचं वळण

डोंगर जागेवर आहेत की नाहीत हे नेमाने तपासणारा माणूस सगळ्या मावळात एकच असेल, आणि तो माझ्या ताईचा नवरा आहे. दाजी व्हिडिओ गेममधले डोंगर, नद्या, झाडं आणि वाटा तयार करतात. वराळ्याच्या फ्लॅटमध्ये बसून त्यांनी एक अख्खं राज्य उभं केलं. त्यात पंखांचे घोडे आहेत, माणसं गिळणारं धुकं आहे. पण खालची जमीन आमच्या औंढ्याची आहे. लग्नानंतर ताईने त्यांना सगळं गाव हिंडून दाखवलं आणि त्यांनी ते उचलून खेळात नेऊन ठेवलं. गेम पुष्कळ चालला. मग कंपनीने त्याची पूर्वकथा काढायचं ठरवलं, म्हणजे त्याच राज्यातली शंभर वर्षं आधीची हकिकत. पहिला गेम खेळलेल्या मुलांना तिथला दगड न् दगड पाठ असतो. त्यामुळे डोंगर तोच दिसायला हवा, वड मात्र कोवळा हवा, आणि पडका पूल धड हवा. दाजींचा मूळचा स्वभाव काटेकोर होता, या कामाने त्याला धार आली.

लोणावळ्याकडे जाताना ते गाडी कडेला घेत, उतरत, एक डोळा मिटून अंगठा समोरच्या शेंड्याला लावत आणि खेळातल्या डोंगराशी मनात ताडून बघत. एकदा पर्यटकांची बस त्यांच्यामागे येऊन थांबली. "काका, काय दिसतंय?" एकाने विचारलं. "काही नाही, आहे तसाच आहे," दाजी म्हणाले आणि निघून आले. ती मंडळी मात्र तिथे फोटो काढायला लागली होती. सिनेमा बघताना ते नायकाच्या मागची झाडं मोजत. घरातली खुर्ची हलवायची तर कारण सांगावं लागे. ताई रोज मुद्दाम एक वस्तू इकडची तिकडे करून ठेवायची आणि चहा पिता पिता त्यांची घालमेल बघत बसायची. आईला या नोकरीचा उलगडा कधीच झाला नाही. "जावईबापू, शंभर वर्षांमागं आपला डोंगर कुटं हुता?" तिने एकदा विचारलं. "इथंच होता, आई." "मग पगार कशाचा घेताय?" यावर दाजींनी जेवण संपेपर्यंत विचार केला.

मागच्या वर्षी ताई गेली. तीन आठवड्यांचं दुखणं, तेवढंच. त्यानंतर दाजींच्या घरातली कुठलीही वस्तू जागची हलली नाही.

पूर्वकथेचं काम ते करत राहिले आणि एका वाटेपाशी अडले. गावातून शाळेकडे जाणारी पायवाट पहिल्या गेममध्ये आहे. ती माळावरून सरळ निघते, मध्येच डावीकडे वळते, काहीही नसलेल्या जागेला वळसा घालते आणि पुन्हा सरळ होते. खऱ्या माळावर आता बंगल्यांची कुंपणं आहेत. ती वाट उरली आहे ती फक्त गेममध्ये. शंभर वर्षांपूर्वी त्या जागी काय होतं, हे दाजींना ठरवायचं होतं. "एक मोठा दगड ठेवून द्या," कंपनीतले म्हणाले. "ठेवतो. मग पुढं तो कोणी उचलून नेला तेही लिहून द्या," दाजी म्हणाले.

मला त्यांनी खरं सांगितलं. "पहिल्यांदा त्या वाटेनं तिच्यामागून गेलो. ती वळली, म्हणून मी वळलो. का वळायचं, ते विचारलं नाही. एरवी मी दगडालाही विचारतो, तू इथं कसा."

मलाही माहीत नव्हतं. ताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, मी शाळेत जायला लागलो तेव्हा वळण होतंच. मग दर रविवारी दाजी औंढ्याला येऊन म्हाताऱ्या माणसांना विचारू लागले. कोणी विहीर खणायची राहिली म्हणालं, कोणी भूत म्हणालं. एका आबांनी उलट विचारलं, "वाट हाय ती, वळनारच. तुमी काय सरळ चालताय व्हय?"

शेवटी शाळेसमोरच्या दुकानातल्या हमीदचाचांनी सांगितलं. ते आता दुकानाबाहेर नुसते बसून असतात.

"तितं काय न्हवतं. टिटवीनं अंडी घातलीवती उघड्यावर. सकाळची शाळा हुती. टिटवी लय वरडायची, पोरं दगूड मारायची. तुमच्या मंडळी तवा एवढ्याशा. लांबून वळसा घालून जायच्या. मग त्यांच्यामागं बाकीच्या पोरी."

"पण पिल्लं तर महिन्याभरात गेली असतील," दाजी म्हणाले.

"गेली की. तरी ही बया वळसा सोडंना. म्या इचारलं, का गं? तर म्हनली, चाचा, फिरून आली तर?"

दाजी चाचांचा हात धरून बराच वेळ बसले. त्यानंतर आठवडाभर ते माणसात होते, फोनवर हसलेही. पुढच्या रविवारी मी वराळ्याला गेलो तर पडद्यावर ती वाट उघडी, आणि ते नुसते तिच्याकडे बघत बसलेले.

"सरळ करायला हवी," ते म्हणाले.

मी म्हटलं, "तिथं टिटवी ठेवा ना. शंभर वर्षांपूर्वीही टिटव्या होत्याच."

"टिटवी ठेवता येईल. तिच्यासाठी वाट सोडणारी अजून जन्मली नव्हती."

पाच मिनिटांचं काम होतं. त्यांना दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला बोलावून खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "चालून बघ." कोवळा वड मागे टाकून मी माळावर आलो. वाट समोर सरळ गेली होती. त्या जागेपाशी माझा हात आपोआप डावीकडे वळला आणि माझा पडद्यावरचा माणूस गवतात शिरला. मी ओशाळून थांबलो.

"जा," दाजी म्हणाले. "गवतातून जाता येतं."

मी वळसा घालून पुन्हा वाटेला लागलो. मागे पाहिलं, तर गवत वाऱ्यावर हलत होतं आणि त्यावर पावलाची एकही खूण नव्हती.