ओळ दाखव

“ओळ दाखव.” डावा तळहात पुढे करून बाई एवढंच म्हणायच्या. उत्तर चुकलं, चहाडी केली, कुणावर आळ घेतला, की तो हात पुढे यायचाच. अलिबागकडच्या किनाऱ्यावर, आमच्या कोळीवाड्यातल्या शाळेत त्या मराठी शिकवायच्या.

मुलं कमी म्हणून शाळा बंद करायची आणि सगळ्यांना खाडीपलीकडे धाडायचं, असं वरून ठरत आलं तेव्हा मी पत्रक लिहिलं. ‘हे कटकारस्थान हाणून पाडा!’ जुनी विद्यार्थिनी म्हणून बाईंना दाखवायला गेले. हात पुढे आला.

“कटकारस्थान? कुठल्या कागदात लिहिलंय? ओळ दाखव.”

मग त्यांनीच एक ओळ लिहून दिली: ‘शाळा सुटल्यावर खाडीपलीकडून परतायला एसटी नाही, मुली घरी बसतील.’ माझ्या अख्ख्या पत्रकात टोचणारं तेवढंच होतं.

शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार होते त्याच दिवशी बाईंनी वेशभूषा स्पर्धा ठेवली. पाठ्यपुस्तकातलं कुठलंही पात्र घ्या. अट एकच, पुस्तकातली ओळ कागदावर उतरवून अंगावर टाचायची. “शाळा जिवंत दिसली तर सही करताना हात अडखळेल गं त्यांचा,” म्हणाल्या. मला या सोंगांची चीड आली. अर्ज-विनंत्या संपल्या की माणूस कशाकशाला लटकतं, तुम्हीही पाहिलं असेल. बाईंनी स्वतःच्या साड्या फाडून मुलांचे फेटे बांधले होते.

पाचवीतला वाघ तोंडाला हळद फासून दाराआड उभा होता. बाईंनी त्याची ओळ वाचली. “अरे, इथं तर लिहिलंय ‘वाघ काही दिसला नाही’!”

“म्हणून तर लपलोय ना, बाई!”

साहेबसुद्धा हसले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. जमतंय, असं ते पाहणं होतं.

शेवटी नववीतली एक मुलगी आली. आईचा जुना गाऊन, हातांत कोळंबी सोलायचे रबरी मोजे. मुलं खिदळली, “बाई, ही घरून तशीच आली!”

“ओळ दाखव.”

मुलीने टाचलेला कागद सरळ केला. “तिची मैत्रीण मात्र दुसऱ्या दिवसापासून शाळेत दिसली नाही.”

त्या मैत्रिणीला धड्यात नाव नाही. सगळी मिळून ही एकच ओळ. आमच्या कुणाच्या ध्यानातही नव्हती.

“मग पुढे काय झालं तिचं?” साहेबांनी विचारलं.

“पुढचं धड्यात न्हाय, साहेब. आमच्या वाड्यात हाय.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. फोटो काढून घेतला तो वाघाबरोबर!

महिन्याभरात शाळेला कुलूप लागलं. ती मुलगी खाडीपलीकडे एक दिवसही गेली नाही. बंदरावरच्या शेडमध्ये कोळंबी सोलायला बसली. बाईंना जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं.

निघायच्या सकाळी मी एसटीच्या थांब्यावर गेले. मुलगीही शेडमधून आली, मोज्यांसकट. बाई रोजच्याच साडीत होत्या, पण पदरावर एक कागद टाचलेला. मला विचारायचा धीर होईना. मुलीने डावा मोजा काढला आणि तळहात पुढे केला.

“बाई, ओळ दाखवा.”

बाईंनी कागद सरळ केला आणि वर्गात वाचायच्या तसं स्वच्छ वाचलं, “सदर शिक्षिका अतिरिक्त ठरत आहेत.”

अतिरिक्त! मुली शाळेविना राहिल्या त्या गावात बाई जास्तीच्या!

एसटी आली. चढता चढता बाईंनी कागद काढून मुठीत घेतला आणि टाचणी मुलीच्या तळहातावर ठेवली. गाडी वळणाआड गेली. मुलीने ती टाचणी गाऊनला खोचली, मोजा चढवला आणि शेडची वाट धरली.