तुळईपुढची रांग

विन्सलबरीच्या चौकातली हेटी ब्लन्सडनची बेकरी चारशे वर्षांच्या इमारतीत आहे आणि हे म्हातारपणच तिच्या मुळावर आलं होतं. इमारत संरक्षित. साधा खिळा ठोकायलाही परवानगी लागते, मग मोठी पाटी कुठून लावणार? नवख्या लोकांना ते संग्रहालयच वाटायचं. फोटो काढायचे आणि सुपरमार्केटात जाऊन गारढोण बन विकत घ्यायचे. समोरच्या ठेल्यावर फुलं विकता विकता माझा जळफळाट व्हायचा.

"अगं, दुकानाकडे निदान बघतात तरी," हेटी हसायची. "माझ्याकडे तर तेवढंही नाही."

शेवटी तिनंही हात टेकले. "हा शनिवारचा बाजार शेवटचा," म्हणाली. हे सांगताना ती हसली नाही, तेव्हा माझं आतडं तुटलं.

त्या शनिवारी सकाळी लव्हीबंड साहेब आले. जुन्या इमारती तपासणं हे त्यांचं काम. दारावरची तुळई बघायला ते दारासमोरच उभे राहिले, मान वर, हात मागे.

आता आम्हा इंग्रजांची खोड अशी, की कुणी दारापुढे गप्प उभं दिसलं की आम्ही त्याच्या मागे उभे राहतो. कशासाठी, ते विचारत नाही. आधी पोस्टातली मेव्हिस थांबली, मग आणखी दोघं, आणि बघता बघता रांग माझ्या ठेल्याला वळसा घालून चर्चपर्यंत गेली.

"काय मिळतंय इथे?"

"कुणास ठाऊक! पण एवढी रांग आहे म्हणजे चांगलंच असणार."

मला ठाऊक होतं, पण मी कशाला सांगतेय!

मेव्हिस खाकरली. "साहेब, तुमचं ठरत नसेल तर मी पुढे होऊ का?"

"छे छे, मी रांगेत नाहीये. तुळई बघतोय." ते मागे वळले आणि कानापर्यंत लाल झाले. रांगेतलं कुणीही हललं नाही. इतका वेळ उभं राहून सगळ्यांदेखत रिकाम्या हातानं परतायचं? आमच्यात त्यापेक्षा मेलेलं बरं. साहेबांचीही तीच गत.

"एक बन द्या," ते पुटपुटले. तो त्यांनी दारातच खाल्ला आणि मुकाट्यानं रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

त्यांचा नंबर पुन्हा आला तेव्हा चुरासुद्धा उरला नव्हता.

"संपले?" साहेबांचा चेहरा एवढासा झाला.

हेटीनं रिकाम्या फळ्यांवरून नजर फिरवली. पिठाच्या हातानं डोळे पुसले.

"सोमवारी या," ती म्हणाली. "सकाळी लवकर उघडते मी."